रिकामी सम

गाणं कुणीतरी रचतं, हे वहिनी घरात येईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. पुसेगावात आमच्या कानावर जे गाणं पडायचं ते आधीपासूनच असायचं, विहिरीला पाणी असतं तसं. माय पहाटे जात्यावर बसली की ओव्या यायच्या. त्या तिच्या मायच्या, आणि त्याआधी तिच्या मायच्या. एकादशीला मारुतीच्या पारावर भजन व्हायचं, पोळ्याला माणसं तोरणाखाली झडत्या म्हणायची, होळीला तांड्यावरच्या बाया लेंगी गात आमच्या अंगणापर्यंत यायच्या आणि माय त्यांच्या ओच्यात गूळ-दाणे घालायची. यातलं काहीच कुणी 'केलेलं' नव्हतं. अभंगात शेवटी नाव असतं हे माहीत होतं, पण ती नावं देवाजवळ पोहोचलेल्यांची. आज सर्दी होणारा, तपकीर ओढणारा, भाजीत मीठ कमी पडलं म्हणून चिडणारा एखादा माणूस गाणं करत असेल, ही गोष्टच मनात आलेली नव्हती.

वहिनीचं नाव सुमती. अण्णाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. ती सरहद्दीपलीकडची, वाशिमची; आमच्याकडे एक राजवट, तिकडे दुसरी. तिचं 'मले-तुले' ऐकून मला हसू यायचं आणि माय म्हणायची, "सूनबाईची जीभ अजून माहेरीच हाय." उंच, सावळी, हाताला भारी चपळ. येसर, म्हणजे आमटीला लावायचं पीठ, करायचा असला की ती चुलीपुढे बसायची. गहू, डाळ, धणे वेगवेगळे भाजले जायचे, घरभर खमंग धूर व्हायचा आणि त्या धुरात ती तोंड मिटून काहीतरी गुणगुणायची. ते ओवीसारखं पुढे जात नव्हतं. एकाच जागी परत परत यायचं, पण दरवेळी दुसऱ्याच वाटेनं. मी सूप हातात धरून तशीच उभी राहायची.

"वहिनी, हे कोणतं भजन वं?"

"भजन नाई, बंदिश हाय. आमच्या खाँसाहेबानं बांधली."

"कवा?"

"मी शिकत होती तवाच. माझ्यासमोरच बांधली म्हन ना. दोन दिवस बसून बसून बांधली अन् मंग मले शिकवली."

"म्हंजे… जित्या माणसानं?"

ती हातातला झारा ठेवून हसली. "जित्याच. वाशिमात राह्यते. पोरी चुकल्या का खेकसते."

तिच्या वडिलांना, जिनिंगमध्ये कारकून होते ते, गाण्याचं वेड होतं. भावकीच्या लोकांनी नावं ठेवली तरी त्यांनी लेकीला खाँसाहेबांकडे शिकवलं होतं. लग्न ठरल्यावर शिकणं थांबलं. आमच्या घरी वाजवायला काही नव्हतं, गायची पद्धत नव्हती, तेव्हा ती येसराच्या धुरात गात होती. बोल होते, 'गैया लौटी, धूल उडी, अजहूं न आये.' गाई परत आल्या, धूळ उडाली, तो मात्र अजून आला नाही. एवढंच. राग कोणता म्हणून विचारलं तर म्हणायची, दोन जुन्या रागांना जवळ आणून त्यांनी हा केला, अजून नाव ठेवलेलं नाही. न बारसं झालेलं लेकरू असतं तसा तो राग मला वाटायचा. सुराचं नाव कळत नव्हतं, पण एक ठिकाण असं यायचं की झोका वर जाऊन क्षणभर थांबतो तसं व्हायचं. कुणीतरी ते ठिकाण मुद्दाम तिथं ठेवलंय, या विचारानं मला त्या वेळी अक्षरशः भ्याल्यासारखं झालं होतं.

खरी भीती त्यानंतर आली.

ती कशी आली ते सांगणं अवघड आहे, कारण ती एका दिवशी आली नाही. आधी एकादशीचं भजन बंद झालं. मग पोळ्याला वाजंत्री वाजली नाहीत. बाजारातून येणारी माणसं ओट्यावर टेकायची सोडून तशीच घराकडे जायला लागली. हिंगोलीच्या बाजूनं लॉरीचा आवाज आला की मळणी करणारी माणसं हातातलं टाकून गव्हाणीमागे, कडब्याच्या गंजीमागे दिसेनाशी व्हायची. खाकी कपडे घालून, बंदुका घेऊन गावोगाव फिरणाऱ्या त्या लोकांचं नाव घ्यायला मायनं घरात बंदी केली होती. नाव घेतलं की येतात, असं तिचं म्हणणं. सगळे 'ते' म्हणायचे. मी अजूनही तसंच म्हणते. नातवंडं हसतात, पण जीभ वळत नाही.

अण्णा एक दिवस शेतात म्हणून गेला तो परतलाच नाही. सरहद्दीपलीकडच्या, आमच्याकडच्या राजवटीशी लढणाऱ्यांच्या छावणीत पोचला, असा निरोप आला. छावणीतले लोक नाके जाळतात, तारा तोडतात, हे सगळ्यांना माहीत होतं. आणि अण्णा तिथे आहे हे 'त्यां'नाही कळायला वेळ लागला नाही. त्या दिवसापासून आमचं घर दबक्या आवाजात बोलायला लागलं. माय जात्याखाली गोणपाट घालायची. भांडं हातातून निसटलं तर सगळे एकमेकांकडे बघायचे. वहिनीचं गुणगुणणं तर मायनं पहिल्याच दिवशी थांबवलं.

"काहून गाते? अन् गाते तं कोनाचं? ज्यायच्या भ्यानं दाराला आडणा घालून बसलो, त्यायच्यातल्याचंच गानं?"

"खाँसाहेब तसे नाईत, सासूबाई."

"तसे कोन अन् असे कोन, म्या कुटं पाह्यला जाऊ?"

आबा, माझे वडील, खाटेवरून म्हणाले, "शेजारची चांदबी बी त्यायच्यातलीच हाय की."

"चांदबीचं येगळं," माय म्हणाली आणि विषय संपला. चांदबी आमच्या भिंतीपलीकडची म्हातारी. तिचा पुतण्या 'त्यां'च्यात ऊठबस करायचा, म्हणून तिला आधी कळायचं. मग ती भिंतीशी येऊन कोंबडीला मोठमोठ्यानं शिव्या द्यायची. कोंबडी तिच्याकडे नव्हतीच.

त्या दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी. चांदबीनं भिंतीपलीकडून कोंबडीला हाक मारली. आबांनी हात धुतला नाही. तसेच उठून त्यांनी शिडी लावली आणि वहिनीला व मला माळ्यावर चढवलं. माळ्यावरून बळदात उतरायचं तोंड होतं. बळद म्हणजे दोन भिंतींच्या मधली धान्य साठवायची पोकळी. वरून ओतायचं, खालच्या भोकातून काढायचं. ते अर्धं ज्वारीनं भरलेलं होतं. आम्ही उतरलो तशा गुडघ्यांपर्यंत रुतलो. वरून आबांनी फळी आणि फळीवर कडबा टाकला. खालून मायनं आमच्या ताटल्या उचलल्याचा आवाज आला.

काळोख होता. ज्वारीची कुसळं मानेत, पाठीत शिरली. नाकात धूळ गेली आणि मला खोकला यायला लागला. बाहेर दाराचा आडणा पडला, बुटांचे आवाज आले. एकजण हिंदीत विचारत होता, लडका किधर है. आबांचा आवाज ऐकू येत होता, नेहमीपेक्षा बारीक. मग काठीचा एक आवाज, आणि आबांचा आवाज बंद. माय किंचाळली नाही. ती का किंचाळली नाही हे मला तेव्हा कळलं नाही. आवाज वाढला तर मी आत रडेन, म्हणून तिनं पदर तोंडात कोंबला होता. मग ते भिंती ठोकायला लागले. बंदुकीचा दस्ता भिंतीवर आपटत एकजण खोलीभर फिरत होता, आणि तो ठोका आमच्याकडे येत होता.

वहिनीनं माझं तोंड तिच्या खांद्यात दाबलं आणि माझा तळहात उघडला. तिचं बोट तळहातावर पडलं, मग परत पडलं, आणि मला कळलं की ती ताल धरतेय. तीनताल, अगदी सावकाश. येसर भाजताना तिनं तो मला शिकवला होता. सम, म्हणजे तालाचा फेरा जिथून पुन्हा सुरू होतो तो ठोका, आली की ती अंगठ्यानं जोरात दाबायची. ओठ माझ्या कानाला लावून ती बोल म्हणत होती; आवाज नव्हता, नुसता श्वास होता. गैया लौटी. धूल उडी. आणि 'अजहूं न आये' हे समेच्या अलीकडेच संपत होतं. समेवर काहीच नव्हतं. तिथं फक्त तिचा अंगठा होता.

चुलीपुढे मी ही बंदिश कितीतरी वेळा ऐकली होती, पण हे कधी ध्यानात आलं नव्हतं. सगळं गाणं ज्या जागेकडे चाललंय तिथं त्या माणसानं शब्द ठेवलाच नव्हता. तो आला नाही, म्हणून जागा रिकामी. आपण तिथं पोचतो आणि तिथं कुणी नसतं, मग पुन्हा पहिल्यापासून निघतो. वाशिमच्या कुठल्याशा खोलीत दोन दिवस बसून एका माणसानं हे ठरवलं होतं. ते मला पुसेगावच्या बळदात कळलं, आणि त्या जागेची मी वाट बघायला लागले. ठोका जवळ आला होता, दस्ता आमच्या भिंतीवर पडला, माती माझ्या केसांत पडली. बळद भरलेलं असलं की भिंत पोकळ वाजत नाही. आम्ही रुतलो होतो तिथपर्यंत ज्वारी होती, आणि त्याचा हात तेवढ्याच उंचीवर लागला. मी मात्र अंगठ्याची वाट बघत होते. खोकला आला नाही.

लोक म्हणतात, गाण्यानं भीती जाते. माझी गेली नव्हती. मी भिजले होते, दात वाजत होते. पण भीतीला धरून बसायला एक दोरी मिळाली होती, एवढं खरं.

ते गेल्यावर आम्हाला वर काढलं तेव्हा आबा भिंतीला टेकून बसले होते. डावा हात कोपरापासून भलतीकडे वळला होता. माय त्यावर हळदीचा लेप लावत होती. संध्याकाळी बोलली ती एकच वाक्य. "या पोरींना म्या वाशिमाला नेऊन राहिले."

आबा गुरांसाठी मागे राहिले. आम्ही तिघी गाडीनं निघालो, आडवाटेनं. एक मुक्काम ओळखीच्या आखाड्यावर, शेतातल्या गोठ्यात केला आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी कनेरगावच्या नाक्याला आलो. रात्री पार करू नका, दिसेल त्या गाडीवर गोळी घालतात, असं गाडीवानाला कुणी सांगितलं होतं. मायनं वहिनीच्या पोटाशी जुनेर गुंडाळून बांधलं होतं. पहिलटकरीण माहेरी चालली, असं सोंग. नाक्यावर लाकडाचा आडवा दांडा, त्याच्याशी बाजेवर बसलेला दाढीवाला शिपाई आणि मागे झोपडीत आणखी दोघे. झोपडीत हसण्याचा आवाज चालला होता. शिपाई उठला, गाडीभोवती फिरला, धपाट्यांचं गाठोडं उघडून बघितलं.

"इसका मर्द कहाँ है?"

माझ्या कानात गरम पाणी ओतल्यासारखं झालं. माय गाडीतून खाली उतरली. "मर्द शेतात हाय, बाबा. बाळंतपनात मर्दाचं काय काम? तुज्या बायकोच्या येळंला तू कुटं व्हता?"

तो तिच्याकडे बघत राहिला. वहिनीच्या पोटावरचं जुनेर एका बाजूला सरकलं होतं. मला दिसत होतं, म्हणजे त्यालाही दिसत असणार. झोपडीतून कुणीतरी ओरडलं, कौन है रे? त्यानं मागे न बघता सांगितलं, "कुछ नहीं, जचगीवाली है." आणि दांडा उचलता उचलता हळूच म्हणाला, "जाव अम्मा, जल्दी जाव. शाम कू लारी आनेवाली है."

वाशिमात मला वाटलं होतं की आता भीती संपली. इथं कुणी दबकत बोलत नव्हतं. वहिनीच्या वडिलांनी आम्हाला मागची खोली दिली, रोज ताटात वरणभात. आमच्यासारखी पळून आलेली माणसं गावभर होती, धर्मशाळेत, शाळेच्या पडवीत, आणि प्रत्येकाजवळ एकेक गोष्ट होती. ती चौकात सांगितली जायची आणि ऐकणाऱ्यांचे चेहरे बदलत जायचे. वहिनीनं वडिलांना विचारलं, खाँसाहेब कसे आहेत? ते पानाचा विडा लावत होते. खाली बघून म्हणाले, "तिकडे आता कोनी जात नाई. तूबी जाऊ नको. दिवस बराबर नाईत."

"तुमीबी नाई गेले?"

त्यांनी विडा दुमडून तोंडात घातला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता वहिनी निघाली. तरण्या बाईनं एकटं जायचं नाही, म्हणून माय पाय आपटत तिच्यामागे, आणि मायच्या मागे मी. गल्ली अरुंद होती. बहुतेक घरांना कुलपं होती. खाँसाहेबांच्या दाराला कुलूप नव्हतं, पण ते आतून बंद होतं आणि फळीवर दगड लागल्याच्या खुणा होत्या. वहिनीनं कडी वाजवली. आतून भांड्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"खाँसाहेब, मी सुमती. कारकुनायची सुमती."

समोरच्या ओट्यावरचा एक माणूस म्हणाला, "कोनालाच नाई उघडत तो. जा घरी."

माय म्हणाली, "झालं? चाल आता."

वहिनी दाराला तोंड लावून उभी राहिली आणि तिनं गायला सुरुवात केली. भर रस्त्यात, मोकळ्या आवाजात. मी तिचा खरा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. तो एवढा मोठा असेल असं वाटलंच नव्हतं. गल्लीच्या टोकाला बसलेलं कुत्रं उठून उभं राहिलं. मायनं तिचा दंड धरला, "सुमे, गप! लोक पाहून राहिले!" पण ती थांबली नाही. गैया लौटी, धूल उडी. एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं. तिसऱ्यांदा तिनं वर जाऊन कुठलासा सूर लावला आणि आतून कुणीतरी चिडून ओरडलं, "निखाद! निखाद उतरा है, बेवकूफ लडकी! कित्ती बार बोला!"

कडी निघाली. दार अर्धवट उघडलं.

मी कुणीतरी भव्य माणूस डोळ्यांपुढे ठेवला होता. दारात एक बुटका, दाढी वाढलेला म्हातारा होता, सदऱ्याची गुंडी तुटलेली. वहिनीला बघून त्याचे डोळे भरले. मग त्याची नजर तिच्या मागे गेली, मायकडे, आणि तो एकदम मागे सरकला. ते मागे सरकणं मी ओळखत होते. आम्हाला भिणारं कुणी जगात असेल हे मला तोवर माहीत नव्हतं. माय म्हणजे काय, ठिगळाच्या लुगड्यातली, पायात काही नसलेली बाई. तिच्या नवऱ्याचा हात मोडलेला. आणि ज्यानं ते गाणं बांधलं तो माणूस तिला बघून भीत होता.

आम्ही आत गेलो. एकच खोली. कोपऱ्यात तंबोरा भिंतीकडे तोंड करून ठेवलेला, खिडकीला चादर ठोकलेली. पोरांनी दगड मारल्यापासून तो विहिरीवर गेला नव्हता. कुणीतरी संध्याकाळी एक कळशी ठेवून जाई तेवढ्यावर चाललं होतं. वहिनीनं त्याला सगळं सांगितलं. बळदाचंही सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत होता. मी कधी नव्हे ते बोलले. विचारलं, समेवर शब्द का ठेवला नाही?

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "किसने बताया तेरे को?"

"मीच पाहिलं."

तो हसला नाही, पण चेहरा जरा सैल झाला. म्हणाला, ठेवून बघितला होता, मग काढला. खोटा वाटत होता. वहिनी म्हणाली, खाँसाहेब, एकदा तुमच्या तोंडून ऐकू द्या. त्यानं तंबोऱ्याकडे हात केला आणि परत घेतला. खिडकीवरच्या चादरीकडे बघत म्हणाला, "गल्ली में सुनाई देगा, बेटी. अभी नहीं."

पुढचं इथंच सांगून टाकते. पावसाळा सरता सरता आमच्याकडची ती राजवट गेली. आबा घ्यायला आले. हात तसाच वाकडा राहिला. अण्णा परतला. मग आमच्या गावात भ्यायची पाळी चांदबीची आली, आणि महिनाभर ती आमच्या माजघरात झोपली. खाँसाहेब पुढच्या वर्षी लेकीकडे कायमचे निघून गेले आणि तिथंच वारले. त्यांच्या बंदिशी वहिनीनं मला शिकवल्या, मी माझ्या लेकीला. गायिका आमच्यात कुणीच झालं नाही. रागाला नाव त्यांनी ठेवलं की नाही, कळलं नाही. आम्ही आपलं 'खाँसाहेबांचा' म्हणतो.

पण त्या दुपारी ते 'अभी नहीं' म्हणाले तेव्हाचं सांगायचं राहिलं. माय दाराजवळ उभी होती, आल्यापासून ती बसली नव्हती. तिनं खाँसाहेबांकडे पाहिलं, मग त्या चादरीकडे. मग पदर डोक्यावर ओढून घेतला, दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या आणि उंबऱ्यावर रस्त्याकडे तोंड करून बसली, मांडी घालून, सगळा उंबरा अडवून.

"गावा तुमी," ती मागे न बघता म्हणाली. "म्या बसते हितं."

बराच वेळ तंबोरा लावण्यात गेला. मग ते गायला लागले. म्हातारा, घोगरा आवाज, आधी दबलेला, मग हळूहळू वर चढणारा. वहिनीच्या गाण्यात कधी न दिसलेल्या वाटा मला त्यात दिसत होत्या. आम्ही ज्या जागेवर थांबत होतो तिथून ते कुठल्या कुठे जात होते, आणि तरी वेळेवर परत येत होते. माझा तळहात गरम झाला होता. बाहेर पावलं थांबल्याचा आवाज आला. समोरच्या ओट्यावरचा माणूस उठून उभा राहिला होता, त्याच्याबरोबर आणखी तीन-चार जण, पोरं. एकाच्या हातात काहीतरी होतं. खाँसाहेबांचा आवाज अडखळला.

माय उंबऱ्यावरून हलली नाही. तिचा आवाज मात्र कापत होता, मला पाठीमागून ऐकू येत होतं.

"काय पाहून राहिले?" ती त्यांना म्हणाली. "गानं हाय. बसायचं तं बसा, न्हाई तं आपल्या घरी जा."